भिवरीचं रडणं

"द्राक्षांची पाटी डोईवर, माझे भिवरे गं,
भावाच्या दारी गेलीस, माझे भिवरे गं..."

हा आवाज वाल्मीकनं ऐकला तो त्र्याऐंशी सालच्या फाल्गुनात, पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर, घराच्या कुडाला पाठ लावून उभं राहून. आत त्याची थोरली बहीण भिवरी भुईवर निजवलेली होती आणि तिच्या उशाशी बसून आई, कुसाबाई, रडत होती. रडत होती म्हणजे म्हणत होती. नागली कांडताना मुसळाचा ठोका पडावा तसा ओळीच्या शेवटी भिवरीच्या नावाचा ठोका पडे, आणि भोवतीच्या बाया तो ठोका उचलून धरत.

कुसाबाईचं रडणं आजूबाजूच्या चार पाड्यांवर नावाजलेलं. ती आल्याशिवाय कुणी मढं उचलत नसे. तिचा नवरा पुंजा चेष्टेनं म्हणायचा, "जितेपणी ही मला कधी चांगलं म्हणायची नाय. मरून बघायला पायजे." पण पाड्यावर रडण्याची एक रीत होती आणि ती चेष्टेची नव्हती. ज्याचं रडणं त्याचंच. ओळीओळीला मेलेल्याचं नाव घ्यायचं, आणि ते रडणं पुन्हा दुसऱ्या कुणासाठी म्हणायचं नाही. ते त्याच्याबरोबर गेलं. रडता रडता एखाद्या जित्या माणसावर बोल यायचा. त्याचं नाव घेत नसत, पण ज्याचं त्याला कळायचं. मग त्या माणसानं बाराव्याच्या जेवणाआधी अंगणात चार माणसांत उभं राहायचं आणि म्हणायचं, "होय, माझ्याकडून असं झालं." एवढंच. बोलला की संपलं; पुन्हा जन्मात कुणी तो विषय काढत नसे. त्यानंतर रडणारी बाई शेवटच्या ओळी म्हणून मेलेल्याला वाटेला लावायची.

कुडाच्या फटीतून पुढच्या ओळी आल्या.

"तहानेली गेलीस, तहानेली आलीस, माझे भिवरे गं,
भाऊ भेटला नाय म्हणालीस, माझे भिवरे गं.
भाऊ भेटला नाय तर मग, माझे भिवरे गं,
पाटी कुणी रिकामी केली, माझे भिवरे गं?"

त्या साली घरची सगळी माणसं दिवाळीनंतर डोंगर उतरून सायखेड्याला द्राक्षमळ्यात मजुरीला गेली होती. भिवरी एकोणीस वर्षांची. माघात एका दुपारी ती मालकाला सांगून, निवडीत बाजूला पडलेल्या द्राक्षांची पाटी घेऊन एस.टी.नं नाशिकला आली, वाल्मीकच्या वसतिगृहावर. संध्याकाळी परत गेली ती रिकामी पाटी घेऊन. भाऊ भेटला नाही, दार बंद होतं, एवढंच आईला म्हणाली. तीन आठवड्यांनी ती तापानं पडली आणि पाड्यावर आणेस्तोवर तिच्यात काही उरलं नव्हतं.

ती पाटी कुणी रिकामी केली हे पाड्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो कुडाला पाठ लावून उभा होता.

तिसऱ्या दिवशी तो नाशिकला निघून गेला. बारावीची परीक्षा होती. कुणी अडवलं नाही. शिकणारं पोर, त्याचा पेपर बुडू नये. भिवरीच्या बाराव्याला अंगणात माणसं जेवायला बसली तेव्हा वाल्मीक इतिहासाचा पेपर लिहीत होता. कुसाबाईनं शेवटच्या ओळी म्हटल्या नाहीत. त्या दिवसापासून तिनं कुणाच्याच उशाशी बसून रडणंही सोडलं.

वाल्मीक शिकला. एम. ए. झाला, नाशिकच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागला, भोये सर झाला. निफाडकडच्या आशाशी लग्न झालं, गंगापूर रोडला दोन खोल्यांचा ब्लॉक झाला. नव्वद साली कॉलेजच्या ग्रंथालयात रद्दीत निघालेल्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात त्याला एका प्रवाशाचं जाडजूड पुस्तक सापडलं. मध्येच एक फोटो होता. दगडी ओट्यावर मढं, भोवती काळ्या कपड्यांतल्या बाया, एकीचे केस सुटलेले, तोंड उघडं, हात पुढं आलेला. वाल्मीक तो फोटो बघत उभा राहिला आणि त्याच्या कानात आवाज सुरू झाला. फोटोखाली ठिकाण लिहिलं होतं: मानी, दक्षिण ग्रीस.

त्या फोटोचा हात धरून तो पुस्तकांमधून त्या प्रदेशात शिरला आणि तिथंच राहिला. नकाशावर ग्रीसच्या तळाशी समुद्रात घुसलेली तीन बोटं दिसतात, त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. माती थोडी, दगड फार. पाऊस बेताचा. जव पिकवायचे, जैतुनाची झाडं राखायची, आणि आपल्या डोंगराचा मान सांभाळायचा. तेराव्या शतकात पश्चिम युरोपातले फ्रँक सरदार आले, किल्ला बांधून बसले. पुढं तुर्कांचं राज्य साऱ्या ग्रीसवर आलं, पण मानीत त्यांचा कर धड कधी वसूल झाला नाही. पुढं उपासमार आणि वैर यांना कंटाळून कितीतरी घरं गलबतात बसून कोर्सिका बेटावर निघून गेली. जी राहिली त्यांनी दगडी बुरूज बांधले आणि बुरुजातून भाऊबंदांवर बंदुका रोखल्या. मुलगा झाला की म्हणायचे, घरात बंदूक वाढली. पिढ्यान् पिढ्या वैर चालायचं, पण त्यातही बायांवर गोळी झाडायची नाही असा रिवाज होता. म्हणून अन्नपाणी, दारूगोळा डोक्यावर घेऊन एका बुरुजातून दुसऱ्या बुरुजात जायच्या त्या बायाच. आणि माणूस पडला की रडायच्याही त्याच. ओळी रचून, नाव घेऊन, कुणी मारलं, कुणी दगा दिला, सगळं चारचौघांत सांगून. तिथं न्यायालय नव्हतं. बाईचं रडणं हेच न्यायालय.

वाल्मीकनं यावर प्रबंध लिहिला. स्टाफरूममध्ये त्याला 'मानी सर' म्हणू लागले. "मान खाली घालून चालणारा मानी आम्ही पहिल्यांदाच पाहिला," असं एकजण म्हणाला, तेव्हा वाल्मीकही सगळ्यांबरोबर हसला.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात गंगापूर रोडच्या वाचनालयानं त्याला व्याख्यानाला बोलावलं. विषय तोच. आदल्या दुपारी तो टिपणं काढत बसला. पुस्तकात रडण्याच्या जेमतेम चार ओळी, त्याही इंग्रजीत, वाळलेल्या. लोकांना काय ऐकवायचं? त्यानं त्या चार ओळींचं मराठी करायला घेतलं आणि पेन त्याच्या हाताबाहेर गेलं. ओळीमागून ओळ आली. तो थांबला तेव्हा पान भरलं होतं. भिवरीच्या जागी त्यानं एलेनी लिहिलं होतं, द्राक्षांच्या जागी अंजिरं, वसतिगृहाच्या जागी बुरूज. शेवटाला, ज्यानं कबूल करायचं त्या माणसाला उद्देशून आईनं त्या दिवशी म्हटलेल्या दोन ओळी होत्या. त्या लिहिल्या, आणि मग खोडल्या. वर मथळा घातला: 'मानीतील एक शोकगीत, अठरावे शतक.'

दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यानं ते वाचलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. टाळ्या थांबेनात. मग वाचनालयाचे कार्यवाह धोंडीराम आहेर, निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, उठले आणि म्हणाले, "सर, बाकी सगळं समजलं. पण पाटी कुणी रिकामी केली ते सांगा. त्या भावानं नेमकं काय केलं होतं?"

वाल्मीकनं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला आणि म्हणाला, "साधनं त्याबाबत मौन आहेत."

अण्णांनी मान डोलावली. किती जबाबदार संशोधक!

ते गीत दिवाळी अंकात छापून आलं. पुण्याहून एका गृहस्थांचं पत्र आलं: मूळ ग्रीक संहिता कुठं मिळेल? वाल्मीकनं पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि तो खण उघडायचाच बंद केला. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं आणि "अहो, ती एलेनी!" म्हणालं, की त्याच्या कानशिलांत ऊन चढायचं. आपल्याच घरातली वस्तू आपण उचलली, तर ती चोरी कशी, असं तो स्वतःला समजावायचा. पण त्या ओळींतलं जे एकच भिवरीचं होतं, तिचं नाव, तेवढंच त्यानं पुसलं होतं. पाड्यावर परक्या मढ्यालासुद्धा कुणी असं केलं नसतं.

दोन हजार तीनमध्ये पुंजा गेला. कुसाबाई डोंगरावर एकटी कशी राहणार, म्हणून वाल्मीक तिला गंगापूर रोडला घेऊन आला. ती गॅलरीत बसायची, खालून जाणाऱ्या गाड्या बघायची आणि आशाला म्हणायची, "एवढी माणसं रोज कठं जातात गं? अन् परत येतात ती तीच का दुसरी?" सासू-सुनेचं छान जमलं. भिवरीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. आशाला एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याला एक बहीण होती, ती तापानं गेली.

दुसऱ्या साली मे महिन्यात वाचनालयानं भोये सरांना पुन्हा बोलावलं. यंदा अण्णांच्या डोक्यात एक कल्पना होती: ते शोकगीत नुसतं वाचायचं नाही, गाऊन सादर करायचं. गाणार मोहिनी, कॉलेजात मराठी शिकवणारी, गोड गळ्याची. वाल्मीकनं टाळाटाळ केली, पण अण्णांना नाही म्हणणं नाशिकात कुणाला जमलं नव्हतं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सकाळी मोहिनी घरी आली, दिवाळी अंकाची झेरॉक्स घेऊन. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसली. स्वयंपाकघरात कुसाबाई मेथी निवडत होती, आशा पोळ्या लाटत होती.

"सर, चाल सापडलीय बहुतेक," मोहिनी म्हणाली. "पण शेवट लोंबकळतो हो. गाणं संपतच नाही. मध्येच सोडून दिल्यासारखं वाटतं. ऐका हं."

आणि ती गाऊ लागली. अंजिरांची पाटी डोईवर, एलेनी गं... वाल्मीक खिडकीबाहेर बघत राहिला. मोहिनीनं चाल संथ धरली होती, ओळीच्या शेवटी जरा ठोका दिला होता, आणि तो ठोका नेमका तिथंच पडत होता जिथं तो पडायचा. स्वयंपाकघरातली मेथीच्या काड्या मोडण्याची बारीक कटकट थांबली.

"भाऊ भेटला नाय तर मग, एलेनी गं,
पाटी कुणी रिकामी केली, एलेनी गं?"

मोहिनी थांबली. "बघा. इथं लोंबकळतं."

आणि आतून, कुणाला ऐकवायचं नसावं इतक्या हळू, पण थेट त्याच ठोक्यावर, एक खरखरीत आवाज आला:

"बोल रं बोलणाऱ्या, चार माणसांत बोल, माझे भिवरे गं,
तू बोलंस्तवर हिला वाटंला लावत नाय, माझे भिवरे गं."

मोहिनी ताडकन उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "आजी! अहो, हे तुम्ही कुठून आणलंत? हाच शेवट! हाच तर हवा होता मला! आणि भिवरी कोण?"

कुसाबाईनं वर बघितलं. मोहिनीकडं नाही, मोहिनीच्या खांद्यामागं आलेल्या मुलाकडं. तिच्या डोळ्यांत रागाचा मागमूस नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

वाल्मीक हसला. कसं हसला ते त्यालाच ठाऊक. "अहो, आईची सवयच आहे ती. काहीही ऐकलं की पुढं आपली एखादी ओळ जोडते. आमच्या डोंगरात असल्या ओव्या खंडीभर. अडाणी माणसं, कुठलं कुठंही लावतात. मनावर घेऊ नका."

मोहिनी कुसाबाईकडं वळली. "हो का, आजी?"

कुसाबाईनं खाली बघून मेथीची काडी मोडली. "व्हय बाई," ती म्हणाली. "मला सवय हाय. म्हातारीचं काय धरता."

तिनं त्याला सांभाळून घेतलं होतं. परक्या माणसासमोर पोराची लाज जाऊ नये म्हणून तिनं आपल्या लेकीचं रडणं 'सवय' म्हणून टाकलं होतं. असं सांभाळून घेणं वाल्मीकनं आयुष्यात या आधी एकदा अनुभवलं होतं, आणि तेव्हाही तो गप्पच राहिला होता.

मोहिनी त्या दोन ओळी लिहून घेऊन गेली. "घेऊ ना सर? लोकगीताचा आधार म्हणून?" त्यानं मान हलवली; ती हो होती की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आशानं लाटणं ठेवलं. "पाहुण्यांसमोर सासूबाईंना अडाणी म्हणालात," ती म्हणाली. "माझ्या माहेरी असं कुणी बोललं असतं ना, तर त्याला ताट वाढलं नसतं." आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "अहो, काय झालं? कोण होती ही भिवरी? तुमची बहीणच ना?"

तो चपला घालून बाहेर गेला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा कुसाबाई गॅलरीत होती. तो तिच्या शेजारी खाली बसला.

"उद्या मला यायचंय," कुसाबाई म्हणाली.

"कठं?"

"तू बोलणारेस ना, तठं."

"आये, तुला काय कळायचं नाय. सगळं ग्रीसचं हाय."

"गिरीस कठं हाय?"

"लांब. समुद्रापार."

"तिथल्याबी बाया रडतात ना?"

"रडतात."

"मग कळंल." तिनं गुडघा चोळला. जरा वेळानं विचारलं, "तिथं भिवरीला काय म्हणतात?"

वाल्मीकला वाटलं, खाली उतरावं आणि चालत सुटावं, गाव संपेस्तवर. "एलेनी," तो म्हणाला.

"येलनी." तिनं ते नाव जिभेवर दोनदा फिरवून बघितलं, भातातला खडा शोधावा तसं. "बरं हाय. पण ती नाय वळून बघायची. तिला कुणी येलनी म्हणून हाकच नाय मारली ना कधी."

"आये..."

"तुझे लोक हायेत, तुझं नाव हाय, मला कळतं. मी तिथं तोंड नाय उघडायची." ती थांबली. "एकवीस पावसाळं मी तिला दारात बसवून ठिवलीय, वाल्मीक. तिनं मला सांगितलं भाऊ भेटला नाय. मेलेल्या लेकराला खोटं म्हणू का मी? अन् खरं म्हणू, तर पाटी रिकामी कशी? मी मेले तर तिला वाटंला लावणारं कोण हाय?"

त्याला वाटलं, आत्ताच बोलावं. तोंड उघडलंही. पण आशा चहा घेऊन आली, आणि त्या चहाच्या कपाआड तो पुन्हा लपला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत आशा बसली होती आणि तिच्याशेजारी, खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातलेली, कुसाबाई. अण्णांनी प्रास्ताविक केलं. "आपल्या नाशिकच्या माणसाला ग्रीसमधला दगड न् दगड ठाऊक आहे," ते म्हणाले, "आणि आपल्या गल्लीतला खड्डा महापालिकेला ठाऊक नाही." लोक हसले.

वाल्मीक बोलला. फ्रँक, तुर्क, गलबतं, बुरूज. त्याचा आवाज नेहमीसारखाच चालत होता, सवयीच्या बैलासारखा. बायांवर गोळी झाडत नसत हे सांगताना तो जरा अडखळला. मग मोहिनी उभी राहिली आणि गायली. शेवटी तिनं कालच्या त्या दोन ओळीही म्हटल्या, पण त्यातलं नाव बदलून. 'तू बोलंस्तवर हिला वाटंला लावत नाय, एलेनी गं.' वाल्मीकनं आईकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. मोहिनी जिथं एलेनी म्हणे, तिथं आईचे ओठ दुसरं काही म्हणत होते. आवाज नव्हता. तिनं कबूल केलं होतं, तोंड उघडणार नाही.

टाळ्या झाल्या. आशानं सासूचा हात हातात घेतला होता.

अण्णा उठले. "सर, सात वर्षांपूर्वी मी याच जागी एक प्रश्न विचारला होता. तेव्हा आपण म्हणालात, साधनं मौन आहेत. मध्यंतरी काही नवं हाती लागलं का? त्या भावानं काय केलं?"

उत्तर तयार होतं. सात वर्षं तेच दिलं होतं. वाक्य ओठांवर येऊन बसलंही होतं. वाल्मीकनं टेबलाला धरलं.

"साधनं मौन नाहीत, अण्णा," तो म्हणाला. "साधन दुसऱ्या रांगेत बसलंय. मौन मी आहे."

लोकांना वाटलं, काही विनोद आहे. एक-दोघं हसलीही.

"हे गाणं मानीचं नाही. मानीच्या बाया असं रडायच्या एवढं खरं, पण हे रडणं पेठ तालुक्यातलं. एलेनी नावाची कुणी नव्हती. हे माझ्या आईनं माझ्या बहिणीसाठी म्हटलं. मी ते उचललं आणि त्यातून बहिणीचं नाव काढून टाकलं. छापलं. टाळ्या घेतल्या. काल माझ्या घरात आईनं तिच्याच गाण्याचा शेवट म्हटला, तर मी तिला अडाणी म्हणालो."

मोहिनीनं हातातला कागद घडी घालून छातीशी धरला. अण्णा उभेच होते, बसायचं विसरून.

वाल्मीक टेबलामागून बाहेर आला. पायऱ्या उतरून खाली आला, बायकांच्या रांगेसमोर, आणि थांबला. त्याची शहरी भाषा कुठं गळून पडली ते त्यालाही कळलं नाही.

"आये, पाटी मी रिकामी केली. ती खोटं बोलली, मला झाकायला. आम्ही भेटलो होतो. मी पोरांना सांगून ठिवलं होतं, आपला सायखेड्याला मळा हाय, बाप बागायतदार हाय. अन् ती दारात येऊन उभी राहिली, अनवाणी, हाताला फवारणीचं निळं औषध लागलेलं. पोरं म्हणाली, कोण रं ही? मी म्हणालो, आमच्या मळ्यावरची मजूर हाय. तिनं ऐकलं. मला वाटलं आता रडंल नायतर शिवी देईल. तिनं पाटी उतरवली अन् म्हणाली, 'घ्या धाकले मालक, थोरल्या मालकांनी पाठवलीत.' मी घेतली, आये. तिच्यासमोर पोरांना वाटली. ती उन्हात उभी होती. पाणी द्यायचं तर आत घ्यावं लागलं असतं, अन् आत घेतलं असतं तर तिचं तोंड माझ्यासारखं हाय ते पोरांना दिसलं असतं. मग रिकामी पाटी तिच्या हातात दिली अन् म्हणालो, 'जा बाई, मालकांना सांग, पोचलं.' बाई म्हणालो मी तिला, आये. माझ्या भिवरीला."

कुसाबाईनं खुर्चीवरून पाय खाली सोडले, आणि एकवीस पावसाळे अडवून धरलेल्या शेवटच्या ओळींचा पहिला ठोका पडला, "माझे भिवरे गं..."